छोटीला न सांगता

छोटीच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाच्या तरी खडूच्या रेघा होत्या.

नाट्यगृहाच्या खुर्च्या नव्याने मढवायचं काम मिळाल्यापासून दादाने रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि त्याआधी खाली कारखान्यात कामाचं बोलून घ्यायचं, असा शिरस्ता पाडला होता. छोटी नेहमी सगळ्यांच्या आधी यायची. वर आईकडे जाण्याआधी तासभर आपल्या टेबलाशी घालवायची. कापायचं टेबल वडिलांनी तिच्यासाठी पाय कापून बुटकं करून दिलं होतं आणि तेव्हापासून त्यावर दुसऱ्या कुणी हात टाकला नव्हता. आज त्यावर लाल मखमल पसरलेली होती, आणि बैठकीचे आकार डावीकडून सुरू करून आखलेले होते. छोटी डावखुरी. ती कायम उजवीकडून सुरुवात करायची.

तिने तळहात मखमलीवरून फिरवला. लव सगळीकडे एकाच दिशेला होती. रेघा स्वच्छ होत्या, कापड वाया जात नव्हतं. काम वाईट असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"आलीस? इथे काय करतेस गारठ्यात, वर चल की." दादा जिन्यावरून अर्धा खाली वाकला होता.

"हे कुणी आखलं?"

"नवा कटर ठेवलाय. उद्यापासून रोज येईल. बरा हात आहे त्याचा."

"मला विचारलं नाहीस."

"अगं, तुझ्याच सोयीसाठी केलं. तू जरा आराम कर आता. किती उभं राहायचं माणसाने."

"निदान पाठीचे तुकडे मी कापते. त्यांची गोलाई त्याला—"

"हो हो, तू म्हणशील तसं."

छोटी त्याच्याकडे बघत राहिली. दादा तिचा थोरला भाऊ. वाद घातल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी साधा खिळ्यांचा डबा मागवला नव्हता. स्प्रिंग कुठली घ्यायची यावरून दोघं एकदा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती. आणि आज, तू म्हणशील तसं.

तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा स्तन काढला, मग काही महिने सलाइनमधून औषध दिलं. वर्षभराने आजार पाठीच्या मणक्यात उतरला. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हा आता जाणार नाही, पण त्याला धरून ठेवता येईल. त्या दिवसापासून रोजची गोळी, महिन्याचं इंजेक्शन आणि अधूनमधून स्कॅन. या सगळ्यातही ती टेबल सोडून घरी बसली नव्हती. दादाने तिला आराम कर म्हटलं नव्हतं. उलट, आज उशीर का, म्हणून तोंड वाकडं करायचा, आणि ते तिला फार बरं वाटायचं.

वर गेली तर तिची लेक टेबलाशी बसलेली. बबी दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, आणि तिथे परीक्षा चालू होत्या.

"तू कशी काय?"

"सहज. रजा मिळाली."

"परीक्षेत?"

बबीने ग्लासात पाणी ओतलं. ग्लास आधीच भरलेला होता.

आई खिडकीपाशी बसून संत्रं सोलत होती. सोलून झाल्यावर तिने एकेक फोड साफ करून बशीत मांडली आणि बशी छोटीपुढे सरकवली. बावन्न वर्षांच्या मुलीला फोडी सोलून द्यायची आईची ही पहिलीच वेळ. छोटीने बशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईने नजर खाली घातली.

"मी म्हणत होतो," दादा खुर्ची ओढत म्हणाला, "तू आणि बबी पंधरा दिवस डोंगराकडे जाऊन या. एक चांगलं घर बघून ठेवलंय मी. हवा छान आहे तिकडची."

"पुढच्या आठवड्यात माझं इंजेक्शन आहे."

"त्याचं बघतो मी. डॉक्टरबाईंशी बोलतो."

"तू कशाला बोलतोस? आणि स्कॅनचं काय म्हणाल्या त्या?"

"सांगितलं ना तुला. आहे तसंच आहे. तू फक्त पॉझिटिव्ह राहा, बाकीचं आमच्यावर सोड. लढवय्यी आहेस तू."

वहिनी वाढायचा डाव हातात घेऊन ओट्याशी उभी होती. तिच्या हातून तो भांड्यावर आपटला.

*

आहे तसंच आहे. हे वाक्य वहिनीने परवा न्हाणीघराच्या बंद दारातून ऐकलं होतं. नवरा आत आरशासमोर ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. कधी हसून, कधी सहज बोलल्यासारखं. बाहेर आल्यावर त्याने तिला विचारलं होतं, "खरं वाटतंय का?" तिने त्याच्या हातातला टॉवेल घेऊन वाळत घातला होता.

या घरात येऊन तिला सव्वीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत तिचं आणि छोटीचं कामापुरतंच बोलणं होतं. लग्नानंतर वर्षभरातच वहिनीने कारखान्यात एक सूचना केली होती, आणि छोटी म्हणाली होती, "वहिनी, तुम्ही वरचं बघा." त्यानंतर वहिनीने वरचंच बघितलं. ते वाक्य ती विसरली नव्हती, आणि विसरायचं कारणही तिला दिसत नव्हतं. छोटीला कारखान्यातून हळूच बाजूला करायचं ठरलं, तेव्हा आपल्याला थोडा तरी आनंद होईल असं तिला वाटलं होतं.

झाला नाही. गेले तीन दिवस ती एकच गोष्ट घोळवत होती. हे माझ्या बाबतीत झालं असतं तर? हा माणूस असाच आरशासमोर उभा राहिला असता. सासूबाईंनी मला संत्री सोलून दिली असती. आणि मी मूर्खासारखी ती खाल्ली असती.

तिने डाव खाली ठेवला आणि हात पुसले.

"छोटीताई, स्कॅन चांगला आलेला नाही. यकृतात डाग दिसलेत. गोळी आता लागू पडत नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या. यांना गुरुवारी फोन आला होता."

खाली रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, तिचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

"काय गरज होती तुला?" आई सुनेला म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "सगळं नीट चाललं होतं."

"गरज मला नव्हती, आई. गरज त्यांना होती."

*

छोटी रडली नाही. भीतीपेक्षा मोठं काहीतरी तिच्यात वर येत होतं.

"बबी, तुला माहीत होतं?"

बबीने मान हलवली.

"म्हणून आलीस. आई, तुला?"

"मला पहिल्यांदा सांगितलं त्याने," आई म्हणाली. "मीच म्हटलं, सांगू नका. तुझ्या आत्याच्या वेळी आम्ही तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. कुठला आजार, काय, कसलीच भीती नाही. शांत गेली बिचारी."

"शांत नाही गेली."

"तू लहान होतीस. तुला काय आठवतंय."

"मी तिच्या खोलीत झोपायचे, आई. तुम्हीच मला झोपवायचात तिच्यापाशी, सोबत म्हणून. ती रोज मला विचारायची, 'छोटे, मला काय झालंय? तुला कुणी काही म्हणालं का?' सगळ्या घरात विचारायला तिला तेवढीच एक जागा होती. मी दहा वर्षांची. मी म्हणायचे, तू बरी होणार आहेस, कारण तुम्ही मला तेच सांगितलं होतं. मग ती भिंतीकडे तोंड करायची. तुम्ही आत आलात की ती हसायची. तिला सगळं कळत होतं. तुम्हाला त्रास नको म्हणून ती शांत राहिली आणि तुम्ही तिला शांत गेली म्हणता."

आईच्या मांडीवर संत्र्याची साल तशीच पडली होती. ती उचलायचं तिला सुचलं नाही.

"आता जुनं कशाला उकरतेस," दादा म्हणाला.

"जुनं? दादा, तू अजून तेच करतोयस. माझ्या यकृतात काय आहे ते तुला माहीत, वहिनींना माहीत, आईला माहीत, माझ्या पोरीला परीक्षा सोडून यायला लावण्याइतकं माहीत. त्या नव्या कटरलाही माहीत असेल."

दादाने पटकन खाली बघितलं.

"त्याला पण सांगितलंस?"

"कारण द्यावं लागलं ना काहीतरी, इतक्या घाईने बोलावलं तर."

छोटी हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

"म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला सांगता येतं. मला नाही."

"मी काय वाईट केलं?" दादाचा आवाज चढला. "तीन वर्षं तुला नेतोय कोण, आणतोय कोण? पहाटे उलट्या व्हायच्या तेव्हा कोण येऊन बसायचं? चार दिवस तुला सुखाने झोप लागावी म्हणून गप्प बसलो, तर मी गुन्हेगार झालो?"

"तू नेतोस आणि आणतोस. ते मी कधी विसरले नाही आणि विसरणारही नाही. पण गाडीत बसवून नेलंस म्हणून माझं आयुष्य तुझ्या डिकीत ठेवलंय असं नाही ना होत."

*

दादाला गुरुवारची दुपार आठवली. तो नाट्यगृहात एकटाच होता, रांगांमधून फिरत मोडक्या खुर्च्यांवर खुणा करत. फोन आला तेव्हा तो एका फाटक्या खुर्चीत बसला. स्प्रिंग मांडीला टोचत होती, पण त्याला उठता आलं नाही. डॉक्टरबाई बोलत होत्या आणि तो समोरच्या रिकाम्या रंगमंचाकडे बघत हो, हो म्हणत होता. मग त्यानेच विचारलं होतं, "तिला इतक्यात सांगितलं नाही तर चालेल का?" बाई म्हणाल्या, "फार दिवस नको."

वडील गेले तेव्हा तो तेविशीत होता. तेव्हापासून या घरातली प्रत्येक वाईट बातमी आधी त्याच्याकडे आली होती आणि त्यानेच ती इतरांना दिली होती. छोटीचा नवरा अपघातात गेला, तेही तिला त्यानेच सांगितलं होतं. तिचा तेव्हाचा चेहरा तो अजून झोपेत बघायचा.

"मला जमलं नसतं," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "तुझ्या तोंडावर ते बोलायला मला जमलं नसतं. खरं म्हणजे एवढंच आहे."

वहिनीने पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"मग तसं सांगायचं होतंस," छोटी म्हणाली. "मला जमत नाही, तू डॉक्टरबाईंकडून ऐक. एवढं पुरे होतं. मी तुला काही म्हटलं नसतं. पण तू मला डोंगर दाखवलास, दादा. मला लढवय्यी म्हणालास. मी लढत नाही रे कुणाशी. सकाळी उठते, गोळी घेते, पाठ दुखते तशी कापते. आजारासोबत राहते, झालं. तो माझ्या घरात आहे, पण घर अजून माझं आहे. आणि तुम्ही सगळे मिळून मला त्या घरातून बाहेर काढत होतात. गोड बोलून, संत्री सोलून."

"तू खचशील असं वाटलं," आई म्हणाली.

"खचेन. कदाचित आज घरी गेल्यावरच खचेन. मला खचायचा तरी हक्क द्या."

जेवण थंड होत होतं. छोटीनेच शेवटी ताट पुढे ओढलं.

"नवा कटर राहू दे. काम चांगलं आहे त्याचं. पण त्याच्यासाठी वेगळं टेबल कर. माझ्या टेबलावर मीच कापणार. उभं राहून नाही जमलं तर बसून. ज्या दिवशी तेही जमणार नाही, त्या दिवशी मी सांगेन. तू नाही सांगायचंस."

"बरं."

"बरं नको म्हणूस. भांड माझ्याशी."

दादाने डोळे पुसले आणि म्हणाला, "बसून कापलेलं कापड सरकतं. तुला चांगलं माहीत आहे."

"सरकू दे. मी बघेन काय करायचं ते."

बबीला वाटलं, आता आई आपल्याकडे वळेल. छोटी वळली ती वहिनीकडे, बबीच्या मामीकडे.

"वहिनी, उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय मला. तुम्ही याल?"

मामीने डाव पुन्हा हातात घेतला. "येईन. पण मग मला अहो-जाहो नको करूस. माझ्याच्याने पण नाही होत आता."

*

बबीला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तीही दवाखान्यात गेली. तिचा राग सगळ्यांत जास्त स्वतःवर होता. शाळेत ती मुलांना सांगायची, समजलं नाही तर विचारा. आणि मामाचा फोन आल्यावर ती एका शब्दाने बोलली नव्हती की, आईला फोन का नाही केलास. गाडीत बसली, आली, आणि भरलेल्या ग्लासात पाणी ओतत राहिली.

डॉक्टरबाईंकडे सलाइनच्या वॉर्डातून जावं लागायचं. रांगेने खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक खांब, खांबावर पिशवी. आईला तिथे सगळ्या ओळखत होत्या. निवृत्त बस-कंडक्टर असलेली एक जाडजूड बाई हाताला सुई टोचलेली असतानाही ओरडून म्हणाली, "काय गं, आज कशी? आज तुझा वार नाही ना?" आई म्हणाली, "वार नाही, भांडायला आलेय." बाई म्हणाली, "मग दार लोटून जा. ठोठावत बसू नकोस."

डॉक्टरबाईंनी तिघींना बसवलं, संगणकाचा पडदा वळवला, आणि मामीकडे बघून बोलायला सुरुवात केली. "काय आहे, मागच्या स्कॅनच्या तुलनेत—"

"इकडे बघा," आई म्हणाली.

बाई थांबल्या.

"तुम्ही माझ्या भावाला का सांगितलंत?"

"तुमचा फोन लागला नाही. त्यांचा नंबर दिलेला होता. आणि मग त्यांनीच विनंती केली की—"

"मी बेशुद्ध होते का?"

"नाही."

"मला वेड लागलंय असं कुठे म्हटलंय का?"

"नाही."

"मग भावाने विनंती केल्यावर तुम्ही मला दुसऱ्यांदा फोन का नाही केलात? तीन वर्षं तुम्ही मला हात लावताय. माझ्या अंगावरचा एकेक डाग तुम्हाला माहीत आहे. आणि माझ्याच पोटातली बातमी मला जेवणाच्या टेबलावर वहिनीकडून कळते."

बबी आईकडे बघत होती. हीच बाई एकदा बबीच्या शाळेचे बूट घट्ट निघाले तरी दुकानात परत करायला तयार नव्हती. लोक काय म्हणतील, म्हणायची. बबीने सबंध वर्ष घट्ट बूट घातले होते. हे सगळं आई कुठे शिकली? मागच्या त्या खुर्च्यांमध्ये, दर महिन्याला तासन्‌तास बसून? ती तिथे काय बोलते, काय ऐकते, हे बबीने कधी विचारलंच नव्हतं. ती फक्त विचारायची, आज बरं वाटतंय ना.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "चूक झाली," त्या म्हणाल्या. "असं व्हायला नको होतं. मी माफी मागते."

"ठीक आहे. आता सांगा. सगळं सांगा, आणि न कळणारे शब्द आले की मी थांबवीन."

बाईंनी सांगितलं. गोळी बंद. पुन्हा सलाइन, दर तीन आठवड्यांनी. केस जातील. डाग आक्रसतील अशी आशा आहे, खात्री नाही. किती दिवस आटोक्यात राहील ते औषध सुरू केल्यावरच कळेल. काहींना कितीतरी वर्षं मिळतात, काहींना नाही. आईने दोनदा थांबवलं, एकदा पुन्हा सांगायला लावलं. मामी हाताची घडी घालून प्रत्येक शब्द ऐकत होती.

"आणि बोटं बधिर होऊ शकतात," बाई म्हणाल्या. "या औषधाने पुष्कळांना होतं."

आईचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. तिने डावा हात टेबलावरून मांडीवर घेतला.

"मी कापड कापते. बोटांनाच मखमलीची लव कळते. बोटं वाचतील असं दुसरं औषध आहे का?"

"एक आहे. पण त्याने थकवा फार येतो. तोंडात फोड येऊ शकतात. आजारावर दोन्ही साधारण सारखीच चालतात, म्हणून मी ज्याची सवय आहे ते लिहिलं."

"मग दुसरं द्या. थकवा आला तर झोपेन. बोटं गेली तर मी काय करणार?"

"विचार करून उद्या सांगितलं तरी चालेल."

"विचार झाला."

बाईंनी लिहायला घेतलं. पेनाचा आवाज तेवढा येत होता. मामी आईला हळूच म्हणाली, "बसून कापायला उंच स्टूल लागेल. खाली मी बघते." आई म्हणाली, "तू बघ." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

बबीच्या मनात एक प्रश्न होता. आईचं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून तो तिथे अडकला होता. रोज अंघोळीच्या वेळी तो वर यायचा आणि ती नळ मोठा सोडायची. आईला तो ऐकवला तर तिला वाटेल, माझ्यामुळे झालं. म्हणून बबी गप्प होती. आईला त्रास नको म्हणून. काल आई जेवणाच्या टेबलावर आत्याआजीचं सांगत होती, तेव्हा बबीच्या लक्षात आलं की आपणही तेच करतोय.

"मला विचारायचंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आजोबांच्या बहिणीला हाच आजार होता. आता आईला आहे. मला होईल का?"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली आणि आईकडे पाहिलं. सांगू की नको, किती सांगू, असं विचारल्यासारखं.

आईचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही.

"तिच्याकडे बघून सांगा," ती म्हणाली. "विचारलंय तिने."

मग तिने आपली खुर्ची थोडी मागे घेतली, लेकीला आणि डॉक्टरबाईंना एकमेकींचा चेहरा नीट दिसावा म्हणून.